पोरी पोचवणाऱ्या नीराबाई

अलिबागच्या बाजारात नीराबाई समोरून आल्या की भले भले बाजूला होत. उंच, हाडापेराने मजबूत, मोकळं कपाळ आणि घट्ट मिटलेले ओठ. भाजीवाल्या त्यांच्याशी हुज्जत घालत नसत, आणि रस्त्यात खेळणारी पोरं त्यांना पाहून गोट्या खिशात टाकत. या बाईला भीती म्हणून ठाऊक नाही, असं सगळा गाव म्हणे. गावाचं काय जातं म्हणायला! त्या काळात अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नीराबाईंइतकं घाबरट माणूस शोधून सापडलं नसतं. त्यांना पाण्याची भीती वाटे. विहिरीच्या नव्हे, समुद्राच्या पाण्याची. रेवसच्या बंदरावर पाऊल टाकलं की नजर आपोआप माघारी, घराच्या वाटेकडे वळे. आणि या बाईने पोटासाठी पत्करलेलं काम कोणतं, तर कोकणातल्या पोरींना लाँचमधून मुंबईला पोचवण्याचं.

भीतीला कारण होतं. त्यांचा नवरा तुळशीराम मालाच्या मचव्यावर खलाशांचा म्होरक्या, तांडेल होता. भाताची पोती भरून निघालेला त्याचा मचवा रेवसला, खाडीच्या तोंडाशी उलटला. नीराबाई त्याला निरोप द्यायला बंदरावर आल्या होत्या, तेव्हा त्यांनी ते सगळं उभ्याने पाहिलं. पाण्यावर सगळ्यात शेवटी त्याचा हात दिसला. मग तोही दिसेना. त्यानंतर भावजयीच्या घरी उष्टी-खरकटी काढत बाईंनी काही वर्षं काढली. तिथे कुणी त्यांना माणसात धरत नव्हतं.

त्याच सुमाराला मुंबईत मुलींचं एक नवं कॉलेज निघालं होतं. कॉलेज म्हणजे काय, तर गिरगावातल्या भाड्याच्या इमारतीचे वरचे दोन मजले. खाली लाकडाची वखार. वर कविता शिकवायला घेतली की खाली करवत सुरू व्हायची. शिकवायला येत ते पुरुषांच्या कॉलेजातले प्राध्यापक, तेही आपले तास संपवून, जांभया देत. शास्त्राचे प्रयोग करायला मुलींना रविवारी त्या मोठ्या कॉलेजात नेत, कारण त्या दिवशी तिथे मुलं नसत. मुलं नसली तरी फळ्यावर त्यांनी लिहून ठेवलेलं असे, आणि ते पुसल्याशिवाय प्रयोगाला सुरुवात होत नसे. मोठ्या विद्यापीठाने या कॉलेजला आपलं म्हटलं होतं, पण सावत्र लेकराला म्हणावं तसं. मान्यता मिळे ती वर्षावर्षाची. दर वर्षी कोटवाले गृहस्थ तपासणीला येत, जिने मोजत, खिडक्या हलवून पाहत, आणि जाताना ठरलेलं वाक्य बोलत की मुली येतील हो, पण टिकायच्या नाहीत.

तशात एक वर्षी घाटावरची एक मुलगी कॉलेजला येताना मधल्याच स्टेशनावर उतरली आणि कुणाबरोबर तरी निघून गेली. वर्तमानपत्रांना मेजवानी मिळाली. घरोघरच्या बापांनी पोरी परत नेल्या, वसतिगृहातल्या निम्म्या खाटा रिकाम्या पडल्या, आणि विद्यापीठात तर हे कॉलेज बंदच करावं असा ठराव येता येता राहिला. तेव्हापासून वसतिगृहाच्या प्रमुख केसरबाईंनी कडक नियम घातला. बाहेरगावची मुलगी यायची तर हातोहात आली पाहिजे. बापाने तिचा हात सोबतिणीच्या हातात द्यायचा, सोबतिणीने वाटेत तो सोडायचा नाही, आणि मुंबईत तो केसरबाईंच्याच हातात द्यायचा. कन्यादानातसुद्धा एवढं काटेकोर नसतं.

कुलाब्याच्या बाजूची सोबतीण म्हणून अलिबागच्या मुलींच्या शाळेतल्या बाईंनी नीराबाईंचं नाव सुचवलं. नीराबाई नको म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय मागून म्हणाली, "ही कसली जाते!" आणि रागाच्या भरात बाई हो म्हणून बसल्या. पुढे जन्मभर त्या या एका शब्दाला बोल लावत असत.

मग त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला. होडीत पाय टाकायच्या आधी डोळे मिटायचे ते खाडीचं तोंड मागे पडल्यावरच उघडायचे. तोंडाने पालीच्या बल्लाळेश्वराचं नाव मोठमोठ्याने घ्यायचं, म्हणजे लाटांचा आवाज कानात शिरत नाही. आणि पोरीचं मनगट असं धरायचं की त्यावर बोटांचे वळ उठावेत. लाँचवरचा काळूराम खलाशी जुना ओळखीचा होता. त्याला हे ठाऊक होतं, पण तो कुठे बोलत नसे. बाईंना दंडाला धरून शिडीवरून वर घेई. बापांना वाटे, बाई काय भाविक आहे! पोरींना वाटे, बाई काय कडक आहे! निदान नीराबाईंची तरी अशीच समजूत होती.

अशा कितीतरी खेपा झाल्या. एकही पोर हातची गेली नाही. पण दर खेपेला परतल्यावर त्या घराच्या ओट्यावर बसत, त्या दिवे लागेपर्यंत तिथून उठत नसत.

ती खेप १९३२ सालची. दिवाळीची सुट्टी संपली होती, भाऊबीजेचा दुसरा दिवस होता. बाकीच्या मुली आधीच गेल्या होत्या. राहिली होती एकटी गोदू. तिचे वडील धर्माजी पोयनाडच्या बाजूला मराठी शाळेवर मास्तर होते. भातशेती करणाऱ्या घरातला हा पहिला शिकलेला माणूस, आणि आता याने पोरीला कॉलेजात धाडलेलं. भाऊबंद त्याला येता-जाता टोमणे मारत. पोर एक दिवस तोंडाला काळं फासून येईल, असं चुलत्याने भाऊबीजेच्या पाटावर बसून सांगितलं होतं. मास्तर जेवता जेवता उठले होते.

सकाळी रेवसला पोचले तेव्हा वारा सुटला होता. दिवाळीनंतर असा वारा सहसा सुटत नाही, पण त्या वर्षी सुटला. त्यात ओहोटी. पाणी मागे हटून चिखल उघडा पडला होता, म्हणून लाँच धक्क्याला न लागता दूर उभी होती आणि उतारूंना होड्यांनी नेत होते. अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे ओढ जबर. पाणी खाडीबाहेर धावतंय आणि वारा त्याला आत लोटतोय, अशी झोंबाझोंबी चाललेली. आज नको, असे शब्द नीराबाईंच्या ओठांपर्यंत आले. पण दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडत होतं आणि पंधरवड्यात विद्यापीठाची माणसं येणार होती. या खेपेला वर्षाची नव्हे, कायमची मान्यता द्यायची की दारं लावायची, याचा निकाल व्हायचा होता. एकेक मुलगी बाकावर दिसायला हवी, असा केसरबाईंचा निरोप होता.

धर्माजी मास्तरांनी गोदूचा हात नीराबाईंच्या हातात दिला. "नीराबाय, तुमच्या हाती दिली," ते म्हणाले. "पोचती केल्याबिगर सोडू नका."

"सोडायची न्हाय," नीराबाई म्हणाल्या, आणि गोदूला घेऊन पायऱ्या उतरल्या.

खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. होडीपाशी गर्दी उडाली होती. शेजारीच रेवदंड्याची एक म्हातारी, गुलबानू, आपल्या नातीला घेऊन चालली होती. नात फिरोजा नव्यानेच लग्न झालेली. नवरा मुंबईला गोदीत कामाला, त्याच्याकडे तिला सोडायला म्हातारी निघाली होती. नीराबाईंनी होडीची कड पायाने चाचपली, डोळे मिटले आणि बल्लाळेश्वराला हाक घातली. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला, मागे कुणीतरी घसरलं, ओरडाआरडा झाला आणि त्यांच्या मुठीतलं मनगट निसटलं. त्यांनी हवेत हात फिरवला. बांगड्या भरलेलं मनगट हाताला लागलं आणि त्यांनी ते पकडलं. आता देव आला तरी सोडणार नव्हत्या. त्या खाली बसल्या, मनगट मांडीवर ओढून घेतलं आणि नामस्मरणाचा सूर आणखी चढवला. होडी सुटली. मागून कुणी "बाय, बाय" म्हणून हाका मारत होतं, त्या त्यांना कुठून ऐकू येणार?

होडी उभी आडवी नाचली. अंगावर पाणी उडालं. काळूरामने दंडाला धरून वर घेतलं. लाँच धडधडू लागली, हेलकावे वाढले, मग जरा कमी झाले. तोंड मागे पडलं, असं अंगानेच कळल्यावर बाईंनी डोळे उघडले.

शेजारी पांढरी चादर पांघरलेली एक परकी मुलगी बसली होती. तिचं मनगट नीराबाईंच्या मुठीत होतं आणि ती हुंदके देत होती.

नीराबाईंना पहिल्यांदा काही कळलंच नाही. त्यांनी त्या मनगटाकडे पाहिलं, मग लाँचभर पाहिलं. गोदू नव्हती.

"तू कोन?" त्यांनी विचारलं.

"फिरोजा." पोरीने चादरीने डोळे पुसले. "माजी नानी ऱ्हायली. पाय घसरला तिचा."

"मग बोलली का न्हायस? हात का सोडवला न्हायस?"

"मना पन लय भीती वाटत व्हती," फिरोजा म्हणाली. "तुमी हात धरला तवा बरा वाटला."

नीराबाई तिला तसंच ओढत काळूरामकडे गेल्या. दुसरी होडी कुठे आहे? काळूराम मान वर करीना. मग म्हणाला, "निघाली व्हती मागनं. वाऱ्यानं आडवी झाली. मंग मी दोर आवरायला गेलो. परत बघितलं तं दिसली न्हाय."

"दिसली न्हाय म्हंजे?"

"माघारी फिरली आसंल, बाय."

"तू बघितलंस का माघारी फिरताना?"

काळूराम दोराची गुंडाळी करू लागला. बाईंनी लाँच हाकणाऱ्या सारंगाला हात जोडले, लाँच फिरवा म्हणून गयावया केली. तो म्हणाला की पाणी अजून उतरतंय, आत्ता तोंडात शिरलो तर लाँच चिखलात बसेल आणि मग सगळेच जाऊ. तो खोटं बोलत नव्हता. त्याचेही हात सुकाणावर पांढरे पडले होते.

मग नीराबाई उघड्या डोळ्यांनी मागे पाहत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत न पाहिलेलं पाणी त्यांनी त्या दिवशी पोटभर पाहिलं. प्रत्येक लाटेवर त्यांना हात दिसत होता. कधी तो तुळशीरामचा असे, कधी त्यावर गोदूच्या दिवाळीच्या हिरव्या बांगड्या असत. मास्तरांना काय सांगायचं? तुमची पोर कुठे गेली ते मी पाहिलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते? आणि कॉलेजचं काय होणार? वर्तमानपत्रं, कोटवाले गृहस्थ, भाऊबीजेच्या पाटावरचा तो चुलता, सगळे एका सुरात म्हणतील की बघा, सांगितलं नव्हतं? जिल्ह्यातला एकही बाप पुन्हा पोरीचा हात पुढे करणार नाही. एका बाईच्या भित्रेपणापायी हे सगळं बुडणार होतं. आपणच उडी टाकावी, असंही त्यांच्या मनात आलं. पण मुठीत फिरोजाचं मनगट होतं, आणि ती पोर त्यांच्या कुशीत शिरून रडत होती. हीही कुणाची तरी होती. हिलाही सोडली तर मग उरलं काय? बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

भाऊच्या धक्क्यावर केसरबाई नेहमीच्या जागी उभ्या होत्या. पांढरं पातळ, हातात छत्री, चेहऱ्यावर थोडी काळजी. नीराबाई एका मुलीला मनगटाला धरून उतरताहेत, हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रिवाजाप्रमाणे हात पुढे केला.

"ही ती न्हवं," नीराबाई म्हणाल्या.

केसरबाईंचा हात हवेतच राहिला. नीराबाईंनी सगळं सांगितलं; डोळ्यांचं तेवढं सांगायला जीभ वळली नाही. ऐकता ऐकता केसरबाईंचा रंग उतरत गेला. त्या दोर बांधायच्या लोखंडी खांबावर मटकन बसल्या. आजूबाजूला हमाल, उतारू, फेरीवाले यांची वर्दळ चालली होती, आणि त्या दोघी बायका एकमेकींकडे न पाहता समुद्राकडे पाहत होत्या.

"अलिबागला तार करायला हवी," केसरबाई पुटपुटल्या. पण तार केली की तारमास्तर वाचणार, कचेरीतला शिपाई वाचणार, सांजेपर्यंत गाव वाचणार. पोर सुखरूप असली तरी बोभाटा व्हायचा तो होणारच. "पंधरवड्यात ती माणसं येताहेत हो," त्या म्हणाल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं कोण जाणे. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या एकदम उठल्या. "पोर आधी. कॉलेजचं काय व्हायचं ते होवो. मी तार करते." नीराबाईंना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण तारेला उत्तर काही येईना. ऊन चढलं, कलू लागलं. वारा पडला. वारा पडल्याने नीराबाईंना आणखीच वाईट वाटलं. तुळशीराम गेला तेव्हाही असाच मागाहून पडला होता. फिरोजाचा नवरा तिला न्यायला आला होता. तो बिचारा जरा लांब अवघडून उभा राहिला, कारण नीराबाई त्याच्या बायकोचा हात सोडत नव्हत्या आणि मागायचा कसा, हे त्याला समजत नव्हतं.

दुपारच्या लाँचची शिटी झाली तेव्हा नीराबाईंनी सवयीने डोळे मिटले. मग जबरदस्तीने उघडले.

उतारू उतरू लागले. टोपलीवाल्या, दोन वकील, कोंबड्यांची खुराडी. आणि त्यांच्या मागून, एकेक पाऊल जपून टाकत, गोदू. केस विस्कटलेले, लुगड्याला कमरेपर्यंत चिखल, एक बांगडी फुटून मनगटावर रक्त वाळलेलं. तिने म्हाताऱ्या गुलबानूचा हात घट्ट धरला होता.

"घे बाय तुजी पोर," गुलबानू नीराबाईंना म्हणाली. "हिनं मना धरली नस्ती तं मी त्या चिखलातच मेली व्हती. अल्ला हिला लय देवो. आन माजी दे मना."

नीराबाईंना फिरोजाचा हात सोडायचा होता, पण बोटं उघडेनात. ती आखडून गेली होती. म्हातारीने एकेक बोट चोळून सरळ केलं, तेव्हा कुठे मनगट सुटलं. त्यावर पाच वळ उमटले होते.

हळूहळू हकिकत कळली. गोदू आणि म्हातारी मागच्या होडीत बसल्या होत्या. ती आडवी झाली आणि कशीबशी चिखलात जाऊन रुतली. धर्माजी मास्तर कमरेएवढ्या गाळात उतरले आणि त्यांनी दोघींना ओढून काढलं. आता पुरे झालं, घरी चल, म्हणाले. गोदू म्हणाली की घरी येईन, पण या नानीची नात पलीकडे गेली आहे, हिला एकटीला कोण नेणार? भरती येऊन लाँच धक्क्याला लागेपर्यंत मास्तर पायऱ्यांवर बसून राहिले. मग त्यांनी गुलबानूचा हात घेतला आणि पोरीच्या हातात दिला. "तुज्या हाती दिली. पोचती केल्याबिगर सोडू नको," एवढंच म्हणाले. आणि गोदू कुणी सोबतीण नसताना समुद्र ओलांडून आली.

नीराबाईंनी गोदूला छातीशी धरलं आणि भर धक्क्यावर हंबरडा फोडला. पण गोदू त्यांच्याहून मोठ्याने रडत होती.

"बाय, माजी चूक झाली. नानी घसरली म्हनून मीच हात सोडला. सोडायचा न्हवता. आमचं ठरलेलं हाय."

"काय ठरलेलं हाय?"

"नवी पोर आली की आमी वसतिगृहात तिला पहिलं हेच सांगतो. बोटीत नीराबायचा हात सोडायचा न्हाय. बाय डोळं मिटते, लय घाबरते. आपन धरून ऱ्हायचं. समद्या पोरींनी धरला. मी एकटीनं सोडला."

नीराबाईंनी भीतभीत केसरबाईंकडे पाहिलं. काम गेलं, हे त्यांना दिसतच होतं.

केसरबाईंनी गोदूचा हात आपल्या हातात घेतला, जखम पाहिली, स्वतःच्या रुमालाने बांधली. "मला हे कुणी सांगितलं नव्हतं," त्या इतकंच म्हणाल्या. मग वळून म्हणाल्या, "नीराबाई, पुढच्या खेपेला डोळे उघडे ठेवून या."

पंधरवड्याने कोटवाले गृहस्थ आले, त्यांनी जिने मोजले, खिडक्या हलवल्या. सगळ्या मुली बाकावर होत्या. कॉलेजला कायमची मान्यता मिळाली. पुढे वखारीवरचे मजले सोडून स्वतःची इमारतही झाली, आणि तिथे गोदू शिकवायला उभी राहिली. नीराबाई अंगात ताकद होती तोवर पोरी पोचवत राहिल्या, आणि त्यांनी पाण्यावर पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत. पाणी नीट पाहिलं की भीती जाईल, असं त्यांना वाटलं होतं. ती दुप्पट झाली. पण डोळे उघडे ठेवल्याने शेजारच्या पोरीचं तोंडही दिसू लागलं. घरदार मागे टाकून निघालेली ती कोवळी पोर खाडीच्या तोंडाशी पांढरीफटक पडलेली असायची, ओठ घट्ट मिटून बसलेली असायची, आणि तरीसुद्धा दोन्ही हातांनी नीराबाईंचा हात धरून त्यांना सांगत असायची, "घाबरू नका बाय, मी हाय."